सुरकुतीखालचे मेण : फिलरचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

सुईने सुरकुत्या भरण्याची कला आजची वाटते, पण तिचे वय सव्वाशे वर्षांचे आहे. 'हे त्वचेखाली किती टिकेल?' या प्रश्नाचे 'कायमचे' हे उत्तर एके काळी तिची सर्वांत मोठी जाहिरात होती. #धागा

१८९९, व्हिएन्ना. क्षयामुळे वृषण गमावलेल्या एका रुग्णाच्या अंगात शल्यविशारद रॉबर्ट गेर्सुनी यांनी व्हॅसलीन टोचले. उद्देश एवढाच, की उणीव दिसू नये. प्रयोग यशस्वी ठरल्याचे वृत्त पसरले आणि थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेत पातळ केलेले पॅराफिन बसक्या नाकांत, खोल गालांत आणि सुरकुत्यांत जाऊ लागले. पदार्थ स्वस्त, शरीरात न जिरणारा. शिवाय परिणाम तत्काळ.

दुष्परिणामांना मात्र घाई नव्हती. मेण जागचे सरकले, तर कुठे शरीराने त्याभोवती कठीण गाठी बांधल्या. या गाठींना पुढे 'पॅराफिनोमा' हे नावच पडले. मेण ऊतींत मिसळून गेलेले असल्याने ते काढायचे म्हणजे मांसही कापायचे. ते रक्तवाहिनीत शिरले तर संकट आणखी मोठे : नाकात पॅराफिन टोचल्यावर दृष्टी गेल्याची नोंद १९०३ मध्येच प्रसिद्ध झाली. तरीही सुया थांबल्या नाहीत!

ग्लॅडिस डीकन हे या काळाचे सर्वाधिक परिचित उदाहरण. आपल्या काळातील विख्यात सुंदरी. ग्रीक शिल्पासारखे सरळ नाक हवे म्हणून तिने ऐन तारुण्यात नाकाच्या मुळाशी मेण टोचून घेतले. कालांतराने ते खाली उतरत गेले आणि चेहरा विद्रूप झाला. १९२१ मध्ये ती मार्लबरोची डचेस झाली. ब्लेनहाइम राजवाड्याच्या दर्शनी मंडपाच्या छतावर तिचे निळे डोळे आजही रंगवलेले दिसतात; फक्त डोळे. उत्तरायुष्य तिने एकांतात काढले.

पॅराफिन बदनाम झाले, कायमस्वरूपाचा मोह मात्र गेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आणि पुढे अमेरिकेत द्रव सिलिकोन आले. पुन्हा तीच कथा : आधी कौतुक, वर्षांनंतर गाठी आणि सरकलेला पदार्थ.

वळण आले ते १९८१ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गाईच्या कातड्यापासून काढलेल्या कोलॅजनला मान्यता दिली तेव्हा. ते काही महिन्यांतच विरघळे आणि काहींना त्याची ॲलर्जी असल्याने आधी हातावर चाचणी घ्यावी लागे. माझ्या मते खरी क्रांती इथे आहे : टिकाऊपणा हा गुण राहिला नाही.

२००३ मध्ये हायलुरोनिक आम्लाच्या फिलरला तिथेच मान्यता मिळाली. हा पदार्थ आपल्या शरीरातही असतो. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये तो प्रथम गाईच्या डोळ्यातून वेगळा केला होता. त्याची मोठी सोय म्हणजे हायलुरोनिडेज हे विकर टोचले की तो विरघळवता येतो. मेणाला असा उतारा कधीच नव्हता.

अर्थात, 'विरघळणारे' हा शब्दही सरसकट खरा नाही. 'काही महिन्यांत नाहीसे होते' असे सांगितले गेलेले हे फिलर काही जणांच्या एमआरआयमध्ये अनेक वर्षांनीही दिसले आहे. आणि सुईचे टोक चुकून रक्तवाहिनीत गेले, तर १९०३ सालचा तो धोका आजही, क्वचित का होईना, उरतोच. कपाळ, भुवयांमधला भाग आणि नाक यांच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तपुरवठ्याशी जोडलेल्या असतात. शंभर वर्षांत पदार्थ बदलले. चेहऱ्याची रचना तीच आहे.