जुना घडीचा चाकू खरंच जुना आहे का? पात्यावरचे ठसे फोनने असे वाचा

पनवेलहून हार्बर लोकल पकडून चोरबाजारात जा किंवा जुन्या वस्तूंचं ॲप उघडा, ‘शंभर वर्षं जुना चाकू’ कुठेतरी दिसतोच. पैसे देण्याआधी ठसा वाचा. तो मुठीवर नाही, पात्याच्या बुडाशी, म्हणजे पातं मुठीला जोडलं जातं तिथे असतो.

ठसा कसा वाचायचा?
चाकू पूर्ण उघडा. दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरा आणि मॅक्रो मोडमध्ये फोटो काढा. पुसट अक्षरंही उठून दिसतात. पॉलिश पेपरने घासू नका, ठसा कायमचा जातो. फोटोवरून शोधणाऱ्या ॲपवरच विसंबून राहू नका, ठशातली अक्षरं टाइप करूनही सर्च करा.

ओळखीचे ठसे
- व्हिक्टोरिनॉक्स: कार्ल एल्सनर यांनी १९०९ मध्ये आईच्या नावावरून ‘व्हिक्टोरिया’ हा ब्रँड घेतला. १९२१ मध्ये त्याला ‘इनॉक्स’, म्हणजे स्टेनलेस स्टील, हा शब्द जोडला गेला. त्यामुळे ‘व्हिक्टोरिनॉक्स’ असा ठसा असलेला चाकू १९२१ च्या आधीचा असूच शकत नाही.
- केस (अमेरिका): १९७० मध्ये ठशाखाली १० ठिपके होते, मग दरवर्षी एक कमी होत गेला. १९८० मधून ठिपके वजा करा: ४ ठिपके म्हणजे १९७६. नावातला ‘एस’ विजेसारखा नागमोडी असेल तर १९९० मधून वजा करा.
- तीन रेघांचा बाण: ब्रिटिश सरकारी माल. लष्करी चाकूवर बाणाजवळ बहुधा सालही असतं. बाणाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर तो ब्रिटिशकालीन भारत सरकारचा.

फसवणूक कुठे होते?
मूठ बदलता येते, पातंही बदलता येतं. म्हणून सगळ्या पात्यांचे ठसे तपासा. एकावर वेगळी कंपनी दिसली तर चाकू जोडतोड केलेला असू शकतो. विक्रेता ठशाचा क्लोजअप पाठवत नसेल, तर सरळ पुढे जा.

हे विसरू नका
चाकू छंदाचा असला तरी खिशात घेऊन फिरू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली चाकू बाळगण्यावर वेळोवेळी बंदी लागू होते. विमानाच्या हँडबॅगेतही तो चालत नाही. घरी डबीत ठेवा आणि ठशाचा फोटो फोनमध्ये जपा. पुढे विकताना तोच उपयोगी पडेल.