एमजीबी मोटारगाडीची रस्तायोग्यता तपासणी आणि विश्वासार्हता

एमजीबी ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने आणि पुढे ब्रिटिश लेलँडने १९६२ ते १९८० या काळात एमजी या नावाने तयार केलेली ब्रिटिश क्रीडा-मोटारगाडी होय. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात तिची बांधणी होत असे. सहा सिलिंडरांची एमजीसी आणि आठ सिलिंडरांची एमजीबी जीटी व्ही-एट या उपप्रकारांसह पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यामुळे जुन्या क्रीडा-मोटारींमध्ये ती सर्वाधिक आढळणाऱ्या गाड्यांपैकी एक आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये मोटारगाड्यांची दरवर्षी होणारी रस्तायोग्यता तपासणी 'एमओटी' या नावाने ओळखली जाते. या तपासणीत एमजीबीमध्ये कोणते दोष आढळतात, त्या निकालांवरून गाडीच्या विश्वासार्हतेविषयी काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही, तसेच २०१८ च्या नियमबदलाने काय फरक पडला, याचा आढावा या लेखात घेतला आहे.

गाडीची रचना

एमजीबीच्या आधीच्या एमजीए या गाडीला स्वतंत्र चासी होती व तिच्यावर बॉडी बसवलेली असे. एमजीबीमध्ये ही पद्धत सोडून बॉडी आणि चासी एकसंध करण्यात आली. अशा एकसंध रचनेत पत्र्याचे भाग केवळ आच्छादन म्हणून नसतात, गाडीचा भारही तेच पेलतात. उघड्या छताच्या गाडीत वरून आधार नसल्याने दारांखालून जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पोकळ पेट्यांवर, म्हणजे सिलवर, सर्वाधिक ताण येतो. १९६५ मध्ये आलेल्या जीटी या बंद छताच्या प्रकाराची बॉडी अधिक ताठ आहे. या छताच्या आरेखनात इटलीतील पिनिनफारिना या संस्थेचा वाटा होता.

मुख्य प्रकारात १७९८ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन आणि एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर असत. सुरुवातीच्या इंजिनात क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंगांचा आधार होता. १९६४ च्या अखेरीपासून तो पाच बेअरिंगांचा झाला. पुढील चाकांना डिस्क ब्रेक, मागील चाकांना ड्रम ब्रेक आणि मागील आसाला लीफ स्प्रिंग, म्हणजे पोलादी पाटे, अशी मांडणी होती. १९७४ च्या अखेरीस अमेरिकेतील सुरक्षा नियमांमुळे क्रोमच्या बंपरांऐवजी काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची वाढवण्यात आली.

तपासणीचा इतिहास

ब्रिटनचे वाहतूक मंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या कारकिर्दीत १९६० मध्ये ही तपासणी सुरू झाली. 'एमओटी' हे तेव्हाच्या मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट, म्हणजे वाहतूक मंत्रालय, या नावाचे लघुरूप आहे. सुरुवातीला दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टीअरिंग एवढेच तपासले जाई. मोठ्या संख्येने गाड्या नापास झाल्याने ही वयोमर्यादा लवकरच सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणली गेली. १९६८ मध्ये टायरांचा समावेश झाला. बॉडी व चासीची स्थिती, वायपर, हॉर्न, दिशादर्शक दिवे आणि एक्झॉस्ट या बाबी १९७७ मध्ये आल्या. पेट्रोल गाड्यांच्या धुराचे मापन १९९१ पासून होऊ लागले.

एमजीबीच्या दृष्टीने यांतील १९७७ हे वर्ष महत्त्वाचे आहे. तोवर पहिल्या एमजीबी गाड्या पंधरा वर्षांच्या झाल्या होत्या आणि त्यांच्या सिलमध्ये गंज पसरला असला तरी तपासणीत त्याची दखल घेतली जात नव्हती. बॉडीची तपासणी सुरू झाल्यानंतर गंज हे या गाडीच्या नापास होण्याचे ठळक कारण ठरले.

तपासणीत आढळणारे दोष

गंज : एमजीबीचा सर्वांत गंभीर दोष हाच होय. सिलची पेटी बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि आतला पत्रा अशा थरांनी बनते. तिच्या खालच्या बाजूस आणखी एक आधारपट्टी असते. पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल मडगार्डच्या आत साचून राहतो, तिथला ओलावा सिलपर्यंत पोचतो आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेरून फुगवटा दिसू लागेपर्यंत आतला पडदा बहुधा निकामी झालेला असतो. मागील पाटे जिथे बॉडीला जोडले जातात ती ठिकाणे, आसनांमागील बॅटरीची पेटी आणि पायांखालचा पत्रा हेही गंजण्याचे नेहमीचे भाग आहेत. सस्पेन्शन, स्टीअरिंग, ब्रेक वा सीटबेल्ट जिथे जोडलेले असतात त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत भार पेलणारा भाग गंजाने कमकुवत झाला असेल, तर गाडी नापास होते.

सस्पेन्शन आणि स्टीअरिंग : पुढील चाके किंगपिनवर वळतात. किंगपिनला ठरावीक अंतराने ग्रीस द्यावे लागते. ते न दिल्यास झीज होऊन चाक हलू लागते. तपासनीस चाक उचलून ते वरखाली धरून हलवतो. ब्रेक दाबल्यावरही हालचाल थांबली नाही, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा नसून किंगपिनचा असल्याचे कळते. पुढील शॉक ॲब्सॉर्बर जुन्या, भुजेच्या पद्धतीचे आहेत आणि त्यांची भुजा हाच सस्पेन्शनचा वरचा दुवा असतो. त्यामुळे त्यातून तेल गळू लागले किंवा त्याचा दांडा झिजला, तर गाडीचे वळणही बिघडते.

ब्रेक : रोलरच्या यंत्रावर प्रत्येक चाकाचा ब्रेक मोजला जातो. या काळातील मोटारींना पायाच्या ब्रेकचा एकूण जोर गाडीच्या वजनाच्या किमान ५० टक्के असावा लागतो. हातब्रेकसाठी दोन स्वतंत्र मंडले असलेल्या गाड्यांना १६ टक्के आणि एकच मंडल असलेल्या गाड्यांना २५ टक्के अशी मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या बहुतांश वर्षांच्या एमजीबींना एकच मंडल असल्याने हातब्रेकची कसोटी अधिक कडक ठरते. हातब्रेकची केबल अडकणे आणि मागील आसातून गळलेले तेल ड्रममध्ये शिरणे ही अपयशाची नेहमीची कारणे आहेत.

विद्युतव्यवस्था : दिवे मंद होणे, दिशादर्शक बंद पडणे, हॉर्न न वाजणे असे दोष बहुतेकदा सुट्या भागांपेक्षा गंजलेल्या जोडांमुळे व सैल अर्थिंगमुळे उद्भवतात. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. त्यानंतर ऋण टोक जोडले जाऊ लागले. हा फरक लक्षात न घेता आधुनिक उपकरणे बसवल्यास नुकसान होते.

धूर : १ ऑगस्ट १९७५ पूर्वी प्रथम वापरात आलेल्या गाड्यांचा धूर केवळ डोळ्यांनी पाहिला जातो. त्यानंतरच्या एमजीबींना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन दर दशलक्षात १२०० भाग या मर्यादा लागू होतात. कार्ब्युरेटर नीट जुळवलेले असल्यास त्या पाळणे कठीण नाही.

तपासणीत न येणाऱ्या बाबी

इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची स्थिती एमओटी तपासणीच्या कक्षेत येत नाही. तपासनिसाला गाडीचा कोणताही भाग उघडण्याची मुभा नसते. तो पाहतो, हलवतो आणि संशयित जागी हलके ठोकून बघतो. ताजा रंग, डांबरी लेप वा लांबीने झाकलेला गंज त्यामुळे नजरेआड राहू शकतो. उलट, रस्त्यात गाडी बंद पाडणारे अनेक दोष तपासणीत मोजलेच जात नाहीत. एसयूच्या विद्युत इंधनपंपाचे संपर्कबिंदू जळून पंप थांबणे, वितरकातील ठिणगीचे बिंदू झिजणे, रेडिएटर चोंदून इंजिन तापणे ही त्याची उदाहरणे होत. अशा थांबलेल्या पंपाला हलकी थाप मारली की तो पुन्हा चालू लागतो, हा या गाडीच्या मालकांचा जुना अनुभव आहे. मात्र हा तात्पुरता उपाय आहे. पंपाची दुरुस्ती टळत नाही.

इंधनातील बदलांचाही विश्वासार्हतेवर परिणाम झाला. १९९९ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली. हे इंजिन शिसेयुक्त इंधनासाठी बनलेले असल्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजू लागतात. त्यावर कठीण धातूच्या बैठका बसवणे किंवा इंधनात पूरक द्रव्य मिसळणे हे उपाय आहेत. २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल सर्वत्र आले. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या चिराळतात आणि गळती होऊन आगीचा धोका निर्माण होतो. त्यामुळे इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवणे आवश्यक मानले जाते.

निकालांचा अर्थ

ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास तपासणीच्या नोंदी संगणकावर आल्या. वाहनक्रमांक दिल्यास कोणत्याही गाडीचे निकाल, नापास होण्याची कारणे, तपासनिसाच्या सूचना आणि धावलेले मैल विनामूल्य पाहता येतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्यास या नोंदी फार उपयोगी पडतात. एकाच जागच्या गंजाबद्दल सलग तीन वर्षे सूचना दिलेली असेल, तर मालकाने दुरुस्ती टाळली हे उघड होते.

तथापि या निकालांवरून संपूर्ण प्रकाराची विश्वासार्हता ठरवताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली, तपासणीला येणाऱ्या एमजीबी या टिकून राहिलेल्या गाड्या आहेत. कुजलेल्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. दुसरी, या गाड्या वर्षातून फार कमी धावतात, त्यामुळे टायर व ब्रेक झिजून नापास होण्याचे प्रसंग कमी येतात. उलट उभे राहिल्याने ब्रेक अडकणे आणि रबर कडक होणे हे दोष वाढतात. तिसरी, तपासणीचा दाखला हा त्या दिवसापुरता असतो. म्हणून उत्तीर्ण होण्याचे प्रमाण हे कारखान्याच्या गुणवत्तेपेक्षा मालकाच्या निगराणीचे मोजमाप अधिक आहे.

२०१८ ची सूट

१९६० पूर्वीच्या गाड्यांना नोव्हेंबर २०१२ पासून या तपासणीतून सूट मिळाली होती. २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या मोटारींनाही ती लागू झाली. ऐतिहासिक गाड्यांची निगा सहसा चांगली राखली जाते आणि त्या कमी धावतात, हे त्यामागील कारण होते. त्यापूर्वी झालेल्या सार्वजनिक विचारविनिमयात सूट देण्याच्या बाजूने असलेल्यांपेक्षा विरोधकांची संख्या अधिक होती. सुरक्षेच्या दृष्टीने किमान वर्षातून एकदा तिऱ्हाइताची नजर गाडीवरून फिरावी, हा विरोधामागील मुख्य मुद्दा होता.

शेवटची एमजीबी १९८० मध्ये तयार झाल्याने आता या प्रकारातील मूळ रचनेच्या सर्व गाड्या सुटीच्या कक्षेत आल्या आहेत. सूट असली तरी गाडी रस्त्यावर सुरक्षित ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकावरच राहते. धोकादायक स्थितीतील वाहन चालवल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. इच्छा असल्यास मालक स्वेच्छेने तपासणी करून घेऊ शकतो. सिलमधील गंज बाहेरून न दिसता वाढत असल्यामुळे एमजीबीच्या बाबतीत अशा स्वेच्छा तपासणीला विशेष महत्त्व आहे. शिवाय केवळ जागरूक मालकच स्वेच्छेने येत असल्याने २०१८ नंतरचे निकाल आधीच्या निकालांशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

दुरुस्ती आणि सुटे भाग

एमजीबीची यंत्रणा साधी आहे व सुटे भाग मुबलक मिळतात. तिच्या विश्वासार्हतेचा हा मुख्य आधार आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ मध्ये मूळ साचे वापरून संपूर्ण नवी बॉडी तयार करण्यास सुरुवात केली. मूळ नमुन्याप्रमाणे बदललेली बॉडी हा रचनेतील मोठा बदल मानला जात नाही, त्यामुळे तपासणीतील सूट कायम राहते.

सिल बदलताना उघड्या छताच्या गाडीला दाराच्या चौकटीत तात्पुरता पोलादी आधार देणे अत्यावश्यक असते. तो न दिल्यास बॉडी मध्यभागी वाकते आणि दारे लागेनाशी होतात. गंजलेल्या पत्र्यावर नुसते ठिगळ जोडणे ही दुरुस्ती ठरत नाही. सडलेला भाग कापून निरोगी पत्र्याला सलग वेल्डिंग करावे लागते. जुन्या एमजीबीचे दार उघडताना वा लावताना अडत असेल किंवा दाराच्या वरची फट खालच्या फटीहून वेगळी असेल, तर ते बॉडी वाकल्याचे लक्षण समजले जाते. रंग कितीही नवा असला तरी अशा गाडीचे सिल उघडून पाहिल्याशिवाय ती रस्तायोग्य मानता येत नाही.