लक्ष्या, मागं बघ!

परवा फोनवर ‘झपाटलेला’ पुन्हा लावलात आणि अर्ध्यातच बंद केलात. लहानपणी ज्याच्या धाकानं पांघरुणाबाहेर पाय काढवत नव्हता, तो तात्या विंचू वीतभर बाहुला निघाला. पोरकट सिनेमा, असा निकाल देऊन मोकळे झालात. त्या निकालावर अपील करायचंय, म्हणून हा प्रवास. फोन घरीच ठेवा, स्वेटर चढवा, कानाला मफलर गुंडाळा. आपण मागं, तुमच्या लहानपणीच्या काळात, पुसेगावात उतरतोय, सेवागिरी महाराजांच्या यात्रेत. सिनेमा १९९३ सालचा, अजून ताजा आहे.

आधी नाक कामाला लागेल. खिल्लार बैलांच्या बाजारातून शेणाचा आणि कडब्याचा वास येतोय, त्यावर कढईतल्या भज्यांचा, आणि सगळ्यांवर कडी करणारा जनरेटरच्या डिझेलचा. धूळ घशात बसते. मागून रेटा येतो, पुढं आपोआप सरकता. सिनेमाच्या प्रत्येक तंबूचा कर्णा दुसऱ्यापेक्षा मोठ्यानं ओरडतोय. तिकडं नका वळू. लक्ष्याचं, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्ड्यांचं, पोस्टर लावलंय तो आपला तंबू.

कनात उचला, वाकून आत या. थंडी बाहेरच राहिली. आत शेकडो माणसांची ऊब आहे: घाम, बिडी, खोबरेल तेल, झोपलेली तान्ही पोरं. खुर्च्या नाहीत. खाली माती, कुणी पोतं अंथरलंय, कुणी घोंगडी. मिळेल तिथं मांडी घाला. शेजारच्या मावशी “या की, बसा” म्हणत सरकतात आणि ओच्यातल्या शेंगा तुमच्या हातावर ठेवतात. घ्या. इथं नाही म्हणत नाहीत.

मागं ट्रकवर प्रोजेक्टर आहे. कार्बनच्या दोन कांड्या जवळ येतात, ठिणगी पडते आणि पांढराशुभ्र झोत डोक्यांवरून पडद्यावर आदळतो. एक पोरगा त्यात हात घालून सावली पाडतो आणि चार शिव्या खातो.

गुंड तात्या विंचूला गोळी लागते. मरता मरता तो मृत्युंजय मंत्र म्हणतो आणि त्याचा जीव बाहुल्यात शिरतो. फोनवर इथं तुम्ही हसला होतात. आता बघा. वाऱ्यानं पडदा हलतोय, त्याबरोबर बाहुल्याचा चेहराही हलतोय, आणि तो चेहरा तुमच्याहून उंच आहे. बाहुल्याला दिलेला दिलीप प्रभावळकरांचा आवाज फाटक्या कर्ण्यातून येतो, तो कानाला नाही, बरगड्यांना लागतो. पुढच्या रांगेतली पोरं मागं सरकून तुमच्या गुडघ्यांवर येऊन बसतात.

आणि ऐन मोक्याला रीळ संपतं.

मिट्ट काळोख. शिट्ट्या, हाका, एक मूल रडायला लागतं. ऑपरेटर दुसरं रीळ चढवेपर्यंत बाहुला कुठं गेला हे कुणालाच ठाऊक नाही. तुमच्या पाठीला काहीतरी लागतं. मावशींचा नातू आहे, त्यानं तुमचा स्वेटर घट्ट धरलाय. हा अंधार फोनवर नव्हता, आणि सिनेमातली निम्मी भीती याच अंधारात आहे.

झोत परत आला. आता मोठ्या माणसाच्या डोळ्यांनी बघा, ते तर तुम्ही बरोबर आणलेतच. हा बाहुला रामदास पाध्यांनी घडवला. अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला बोलतं ठेवणारे हेच हात. मान वळताना तो क्षणभर थांबतो आणि मग बघतो, ते बारकाईनं पाहा. त्या थांबण्यात जीव आहे. ‘चाईल्ड्‌स प्ले’ या इंग्रजी सिनेमाची कल्पना उचलली, हेही आता तुम्हाला माहीत आहे. पण तिथला बाहुला, चकी, एका लहान मुलाच्या हाती पडतो. दिग्दर्शक महेश कोठाऱ्यांनी तात्या विंचू एका मोठ्या, भोळ्या शब्दभ्रमकाराच्या, म्हणजे लक्ष्याच्या, हाती दिला, आणि मला हीच या सिनेमातली सगळ्यात हुशार चाल वाटते. बाहुल्याला बोलतं करणं हीच ज्याची कला, तोच आता ऊर फुटेस्तोवर सांगतोय की हा बाहुला स्वतः बोलतो, स्वतः खून करतो. कोण विश्वास ठेवणार?

“खरं सांगतोय गं तो,” मावशी पडद्यावरच्या लोकांना सांगतात. पोरं उठून उभी राहतात: “लक्ष्या, मागं बघ!” सगळ्या तंबूला खरं काय ते माहीत आहे, आणि पडद्यावर त्याचं ऐकणारं कुणी नाही. हे लहानपणी तुम्हाला कळलं नव्हतं. तेव्हा बाहुल्याची भीती पुरेशी होती. मधल्या वर्षांत खरं बोलूनही आपलं कुणी ऐकत नाही, असे प्रसंग तुमच्याही वाट्याला आले असतील. म्हणून आज घसा कोरडा पडतो तो लक्ष्यासाठी. लक्ष्मीकांत बेर्ड्यांचा चेहरा बघा. ते हसवणं सोडत नाहीत, आणि डोळ्यांतली भीती तसूभरही खोटी नाही. दोन्ही एकाच वेळी करणारा नट आपल्याकडं होता. २००४ साली तो गेला, आणि आपण त्याला फक्त विनोदवीर म्हणून लक्षात ठेवलं. हा त्याच्यावर अन्याय आहे.

तेव्हा निकाल फिरवा. ‘झपाटलेला’ पक्का भयपट आहे. पुन्हा लावाल तेव्हा मोठ्या भिंतीवर लावा, शेजारपाजारची पोरं गोळा करा, दिवे मालवा. आणि बाहुला पडद्यावर आला की त्याच्याकडं नका बघू. लक्ष्याकडं बघा.