पायऱ्यांचा समुद्र

इंग्लंडमधील वेल्स कॅथीड्रलमधल्या एका दगडी जिन्याचे छायाचित्र फ्रेडरिक एच. इव्हान्स यांनी १९०३ मध्ये घेतले आणि त्याला नाव दिले ‘अ सी ऑफ स्टेप्स’, म्हणजे पायऱ्यांचा समुद्र. रद्दीतून आणलेल्या एका पुस्तकात ते प्रथम पाहिले तेव्हा मला त्यात फक्त शांतता दिसली. माणूस नाही, सामान नाही; पायऱ्या आणि उजेड. रिकाम्या जागेचे चित्र, असे मी तेव्हा वहीत टिपून ठेवले. ते चुकले होते.

इव्हान्स मूळचे लंडनचे पुस्तकविक्रेते. १८९८ मध्ये दुकान सोडून ते कॅथीड्रलांच्या मागे लागले. एकेका वास्तूत ते दिवसच्या दिवस काढत, कोणत्या घटकेला उजेड कुठल्या खांबावर येतो ते पाहत. आड येणाऱ्या खुर्च्या हलवून घेत. मात्र निगेटिव्हवर किंवा छापावर हातचलाखी त्यांना मंजूर नव्हती. तेव्हा कुंचल्याने छायाचित्राचे ‘चित्र’ करण्याची मोठी हौस होती. खुर्च्या हलवणे हा फेरफार नव्हे काय? माझ्या मते आहेच. पण खुर्ची उद्या परत येते. दगडाची झीज त्यांनी होती तशीच ठेवली, आणि सगळे चित्र त्या झिजेवर उभे आहे.

जिना तेराव्या शतकातला. एक वाट उजवीकडे वळून चॅप्टर हाउसमध्ये, म्हणजे धर्मगुरूंच्या सभागृहात जाते. सरळ वर जाणाऱ्या पायऱ्या पंधराव्या शतकातल्या. चेन गेटवरचा पूल बांधला तेव्हाच्या. व्हिकर्स क्लोज या गल्लीत कॅथीड्रलचे गायक राहत. त्यांना रस्त्यावर न उतरता उपासनेला येता यावे, म्हणून हा पूल. सभेला जाणारे आणि गायला येणारे, दोघांच्याही पावलांनी पायऱ्या झिजत गेल्या. त्या खोलगटपणावर उजेड तिरपा पडला की लाटा दिसतात. मला रिकामी वाटलेली जागा गर्दीची होती; गर्दी फक्त निघून गेलेली.

इव्हान्स प्लॅटिनम कागदावर छापत. त्यात धातू कागदाच्या तंतूंतच बसतो, वर चकाकीचा थर नसतो. काळ्या-पांढऱ्यामधल्या करड्या छटा फार मिळतात. सावलीतला दगडही त्यामुळे हाताला लागेल असा वाटतो. पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम दुर्मिळ आणि महाग झाले. दुसऱ्या कागदावर मन रमेना, तेव्हा इव्हान्स यांनी छायाचित्रण जवळजवळ सोडूनच दिले.