कुठून आलं, कुठे कुठे गेलं

कळमन्याच्या बाजारात धान्य, मिरची, संत्र्यांचे सौदे होतात. असा धंदा जुन्या पद्धतीने कागदावर ठेवायचा, तर दोन वह्या लागतात: रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत व्यवहार तारखेप्रमाणे लिहायचा, खतावणीत तो ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. दोन्ही वह्यांत एक अरुंद रकाना असतो. रोजकीर्दीतल्या रकान्यात खात्याचं पान, म्हणजे 'खा.पा.', खतावणीतल्या रकान्यात रोजकीर्दीचं पान. म्हणून नोंदीवरून खात्याकडे जाता येतं आणि परतही येता येतं.

कोड वाचताना असेच दोन प्रश्न पडतात. हे फंक्शन लिहिलंय कुठे? आणि वापरलंय कुठे कुठे? आज एडिटरमध्ये नावावर क्लिक केलं की दोन्ही उत्तरं मिळतात. पण त्यामागे काही दशकांचं काम आहे.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस बर्कलीच्या युनिक्समध्ये केन अर्नॉल्ड यांचा 'सीटॅग्ज' आला. तो फाइली चाळून एक यादी बनवायचा: फंक्शनचं नाव, फाइल आणि ती ओळ शोधायचा नमुना. ओळीचा क्रमांक नाही, ओळीचा मजकूर. त्यामुळे वर चार ओळी वाढल्या तरी पत्ता चुकत नसे. 'व्हीआय' एडिटर ही यादी वाचून थेट त्या जागी पोचायचा. पहिला प्रश्न सुटला.

दुसऱ्यासाठी बेल लॅब्जमधल्या जो स्टेफन यांनी पीडीपी-११ संगणकावर 'सीस्कोप' लिहिला. या फंक्शनला कोण कोण बोलावतं, हे त्याला विचारता यायचं.

हा दुसरा प्रश्न किती महागात पडतो, ते २००० साल जवळ आल्यावर कळलं. जुन्या कोबोल प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत होतं. ते दुरुस्त करण्याचं बरंचसं काम भारतीय कंपन्यांकडे आलं. दोनाचे चार आकडे करणं सोपं होतं. तो आकडा कुठल्या फाइलीत, कुठल्या रिपोर्टात, कुठल्या तुलनेत गेलाय, हे शोधणं हीच खरी मेहनत. एक जागा सुटली की हिशेब चुकला.

पुढची अडचण वेगळी होती. दहा एडिटर आणि वीस भाषा असतील, तर जोडण्या दोनशे. २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्हीसोबत 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल' जाहीर केला. प्रत्येक भाषेचा एक सर्व्हर, आणि सगळ्या एडिटरांनी त्याच्याशी एकाच पद्धतीने बोलायचं. दोनशेच्या जागी तीस.

तरीही 'शून्य वापर' दिसला म्हणून फंक्शन लगेच उडवू नका. त्याचं नाव एखाद्या कॉन्फिग फाइलीत असेल, किंवा प्रोग्रॅम चालताना तुकडे जोडून तयार होत असेल. आधी साधा शब्दशोध घ्या. जो सौदा चिठ्ठीवरच राहिला, वहीत चढलाच नाही, तो कुठल्याच खा.पा.वरून सापडत नाही. देणं मात्र राहतंच.