अँटिऑक्सिडंट आणि निरोगी वार्धक्य : प्रस्तावना

साठी ओलांडलेल्या माणसाच्या औषधांच्या डब्यात रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर हल्ली आणखी एक पाकीट सापडते. त्यावर जीवनसत्त्व क, जीवनसत्त्व ई, सेलेनियम, ल्युटीन, लायकोपीन अशी नावे असतात आणि ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द ठळक छापलेला असतो. कोणी ते डॉक्टरांनी लिहून दिले म्हणून घेते, कोणी परदेशातल्या मुलाने आणून दिले म्हणून, तर कोणी शेजाऱ्याला गुण आला म्हणून. या सगळ्यांच्या मनातला प्रश्न एकच असतो: याने म्हातारपण धडधाकट जाईल का? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना गेल्या सत्तर वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी, डॉक्टरांनी, संख्याशास्त्रज्ञांनी आणि चाचण्यांत सामील झालेल्या लाखो स्त्री-पुरुषांनी जे काम केले, त्यात वाचकाला हाताला धरून नेण्यासाठी हे पुस्तक आहे.

उत्तर पहिल्याच पानावर सांगतो, म्हणजे पुढचे वाचन निवांतपणे होईल. ज्याला पुरेसा आहार मिळतो आणि ज्याला विशिष्ट आजार किंवा कमतरता नाही, अशा माणसाचे आयुष्य अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी वाढते किंवा त्याचे हृदयविकार आणि कर्करोग टळतात, असे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही. काही लोकांना मोठ्या मात्रेने अपाय झाला. काही मोजक्या परिस्थितींत मात्र खरा लाभ झाला. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत आणि ती एकत्र कशी बसतात, हे समजून घेण्यातच या विषयाचे मोल आहे.

अँटिऑक्सिडंटने वार्धक्य रोखता येईल, या विचाराची सुरुवात 1954 च्या सुमारास झाली. त्या वर्षी अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की अतिरिक्त प्राणवायूची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोन्हींच्या मुळाशी एकच यंत्रणा आहे: मुक्त मूलक, म्हणजे जोडीविना उरलेला इलेक्ट्रॉन असलेले अतिशय क्रियाशील रेणू. पूर्वी तेल कंपनीत रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम केलेले आणि नंतर डॉक्टर झालेले डेनहॅम हारमन तेव्हा बर्कलीला होते. त्यांनी 1956 मध्ये हा धागा वार्धक्यापर्यंत नेला. शरीरातच सतत तयार होणाऱ्या मुक्त मूलकांची इजा साचत जाते आणि तिलाच आपण म्हातारपण म्हणतो, असा त्यांचा सिद्धांत होता. तेव्हा अनेकांना तो पटला नाही. 1969 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या जो मॅकॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांना सुपरऑक्साइड नावाचा मूलक निष्प्रभ करणारे विकर सापडले. शरीर स्वतःच ज्याच्या बंदोबस्तासाठी विकर बाळगते, तो मूलक शरीरात तयार होत असणारच. हारमन यांचा विचार त्यानंतर मुख्य प्रवाहात आला.

यामागचे रसायन एकदा जवळून पाहायला हवे, कारण पुढचे सगळे आकर्षण त्याच्यातूनच आलेले आहे. आपण श्वासावाटे घेतलेला प्राणवायू पेशींतल्या तंतुकणिकांमध्ये इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि शेवटी त्याचे पाणी होते. काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटून प्राणवायूला चिकटतात आणि सुपरऑक्साइड बनते. विकर त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते, दुसरी विकरे त्याचे पाणी करतात. यातून सुटलेला एखादा तीव्र मूलक पेशीपटलातल्या स्निग्धाम्लाला गाठतो आणि त्याचा हायड्रोजन अणू ओढून घेतो. ते स्निग्धाम्ल स्वतःच मूलक बनते, प्राणवायू पकडते आणि शेजारच्या स्निग्धाम्लाचा हायड्रोजन काढून घेते. एकामागून एक अशी साखळी पटलभर चालत जाते. त्याच पटलात बसलेले जीवनसत्त्व ई स्वतःचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडते आणि पेशीच्या पाणथळ भागातले जीवनसत्त्व क त्याला पुन्हा पूर्ववत करते. पेरॉक्साइडांचा निचरा करणाऱ्या एका महत्त्वाच्या विकरात सेलेनियम असते. इतकी सुबक यंत्रणा समोर असताना हे अँटिऑक्सिडंट, म्हणजे मूलकांना आवर घालणारे पदार्थ, बाहेरून जास्त दिले तर संरक्षण वाढेल, असे वाटणे स्वाभाविक होते.

निरीक्षणांनीही त्याच दिशेने बोट दाखवले. भाज्या आणि फळे भरपूर खाणाऱ्या, रक्तात बीटा-कॅरोटीन या गाजरांतल्या आणि पालेभाज्यांतल्या अँटिऑक्सिडंटचे प्रमाण जास्त असलेल्या लोकांना कर्करोग कमी होतो, असे अनेक अभ्यासांत दिसत होते. 1981 मध्ये रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये याच मुद्द्यावर लेख लिहिला. बीटा-कॅरोटीनमुळेच हे घडते का, हे चाचणी घेऊनच ठरवावे लागेल, अशी त्यांची भूमिका होती. आशा वाटत असतानाही पुराव्याचा आग्रह सोडायचा नाही, हा या क्षेत्राचा सर्वांत चांगला गुण तिथे दिसतो.

त्या चाचण्यांतली सर्वांत शिकवून जाणारी चाचणी फिनलंडची. 1985 ते 1993 या काळात नैर्ऋत्य फिनलंडमधल्या 50 ते 69 वर्षांच्या 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे चार गट पाडण्यात आले. एका गटाला रोज 50 मिलीग्रॅम जीवनसत्त्व ई, दुसऱ्याला 20 मिलीग्रॅम बीटा-कॅरोटीन, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोण कोणत्या गटात हे यादृच्छिक पद्धतीने ठरले, आणि कोणाला काय मिळते हे ना त्यांना ठाऊक होते ना त्यांना तपासणाऱ्यांना. 1994 मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक आणि एकूण मृत्यू 8 टक्क्यांनी अधिक निघाले. जीवनसत्त्व ई ने फुप्फुसाच्या कर्करोगात काहीच फरक पडला नाही.

याच चाचणीतली आणखी एक नोंद मला विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावीशी वाटते. चाचणीच्या आरंभी ज्या पुरुषांच्या आहारात आणि रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त होते, त्यांना पुढे फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला. म्हणजे जुने निरीक्षण खोटे नव्हतेच. त्याच माणसांत, त्याच वर्षांत निरीक्षण एक सांगत होते आणि गोळी दुसरेच करत होती. रक्तातले बीटा-कॅरोटीन ही गाजरे, पालेभाज्या, कमी सिगारेटी आणि एकंदर बऱ्या राहणीमानाची खूण होती. खूण गोळीतून देता येते. तिच्यामागचे आयुष्य देता येत नाही.

अमेरिकेत तेव्हा अशीच दुसरी चाचणी चालू होती. तिच्यात धूम्रपान करणारे, पूर्वी धूम्रपान केलेले आणि अॅस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले 18,314 लोक होते. बीटा-कॅरोटीन आणि जीवनसत्त्व अ घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 28 टक्के आणि मृत्यू 17 टक्के अधिक दिसल्यावर ती जानेवारी 1996 मध्ये वेळेआधी थांबवण्यात आली. त्याच वर्षी 22,071 अमेरिकन पुरुष डॉक्टरांवरील चाचणीचा निकाल आला: एक तप बीटा-कॅरोटीन घेऊन लाभही नाही आणि अपायही नाही. 2002 मध्ये ब्रिटनमधल्या हृदयविकाराचा धोका असलेल्या 20,536 जणांत क, ई आणि बीटा-कॅरोटीन यांच्या मिश्रणाचा परिणाम शून्य आला. 2005 मध्ये 39,876 अमेरिकन स्त्रियांत दहा वर्षांच्या जीवनसत्त्व ई ने हृदयविकार, कर्करोग आणि एकूण मृत्यू यांत घट झाली नाही.

फिनलंडच्या चाचणीत जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग 32 टक्के कमी दिसला होता. तो त्या चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता, आनुषंगिक निष्कर्ष होता. त्याची शहानिशा करण्यासाठी सेलेनियम आणि जीवनसत्त्व ई यांची 35,533 पुरुषांवर स्वतंत्र चाचणी झाली. 2011 च्या अहवालात जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्के अधिक आढळला. आनुषंगिक निष्कर्षाला नव्या चाचणीची कसोटी का लावायची, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

एकेका चाचणीवर विसंबू नये म्हणून त्यांचे एकत्रित विश्लेषण केले जाते. गोरान बेलाकोविच आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये 68 चाचण्यांतल्या 2,32,606 लोकांची आकडेवारी तपासली; चाचण्यांचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात 78 चाचण्या आणि 2,96,707 लोक होते. उत्तम रीतीने घेतलेल्या चाचण्यांपुरते पाहिले तर बीटा-कॅरोटीन आणि जीवनसत्त्व ई यांनी मृत्यू किंचित वाढलेले दिसले. जीवनसत्त्व क आणि सेलेनियम यांनी वाढलेही नाहीत आणि घटलेही नाहीत. या विश्लेषणावर आक्षेप आले: निरोगी आणि आजारी माणसे, लहान आणि प्रचंड मात्रा एकत्र केल्या, असे टीकाकारांचे म्हणणे होते. आक्षेप गंभीर आहेत आणि पुढे त्यांना पूर्ण प्रकरण दिले आहे. मात्र लाभ झाला असे त्या आक्षेपांतूनही सिद्ध होत नाही.

मग इतकी सुबक यंत्रणा आणि इतका निराशाजनक निकाल, हे कसे? वृत्तपत्रांतून म्हातारपणाची तुलना गंजणाऱ्या लोखंडाशी केली जाते. ती इथेच दिशाभूल करते, कारण लोखंड स्वतःची डागडुजी करत नाही. पेशी करते, आणि त्यासाठी तिला इशारा लागतो. थोड्या प्रमाणातले हायड्रोजन पेरॉक्साइड हाच तो इशारा असतो. 2009 मध्ये जर्मनीत मायकेल रिस्टो यांच्या गटाने तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. एका गटाला रोज 1000 मिलीग्रॅम क आणि 400 आययू (आंतरराष्ट्रीय एकके) ई दिले. व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, ती सुधारणा गोळ्या घेणाऱ्यांत दिसली नाही. नंतरच्या सर्व अभ्यासांत हे इतके स्पष्ट आढळले नाही, पण विचाराची दिशा बदलली. त्याच वर्षी कॅनडात सीगफ्रिड हेकिमी यांच्या प्रयोगशाळेत तंतुकणिकांतले संरक्षक विकर काढून टाकलेले सूत्रकृमी अधिक जगले, आणि इतरत्र झालेल्या प्रयोगांत जादा संरक्षक विकरे असलेले उंदीर मात्र जास्त जगले नाहीत. हारमन यांच्या स्वतःच्या उंदरांवरील प्रयोगांतही सरासरी आयुष्य वाढले होते. कमाल आयुष्याची मर्यादा हलली नव्हती. ऑक्सिडीकरणाची इजा खरी आहे. वार्धक्याचे ते एकमेव कारण आहे, हे मात्र आता कोणी ठामपणे म्हणत नाही.

ज्या ठिकाणी लाभ झाला, त्या ठिकाणांकडेही तितकेच लक्ष द्यायला हवे. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची वयोमानाने झीज होते. हा विकार मध्यम टप्प्यात असलेल्यांना क, ई, बीटा-कॅरोटीन आणि जस्त यांचे मिश्रण दिल्यावर पाच वर्षांत तो गंभीर टप्प्यात जाण्याचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी घटल्याचे 2001 मध्ये अमेरिकेत दिसले. 2013 च्या पुढच्या चाचणीनंतर बीटा-कॅरोटीनची जागा ल्युटीन आणि झिअॅक्झँथिन यांनी घेतली, कारण पूर्वी धूम्रपान केलेल्यांना त्याचा धोका होता. ज्यांना हा विकार नाही, त्यांचा तो या गोळ्यांनी टळतो असे दिसलेले नाही. चीनच्या हेनान प्रांतातल्या लिनशियानमध्ये आहारच निकृष्ट होता. तिथे 29,584 लोकांच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन, ई आणि सेलेनियम एकत्र घेणाऱ्यांत एकूण मृत्यू 9 टक्क्यांनी कमी झाले. तो निकाल 1993 चा आहे. कमतरता असेल तिथे ती भरून काढणे आणि कमतरता नसताना भर घालत राहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे सारे वाचताना पाच प्रश्न सोबत ठेवावेत: पदार्थ कोणता, मात्रा किती, दिला कोणाला, तुलना कशाशी केली, आणि शेवटी मोजले काय? शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी. रक्तातला एखादा निर्देशांक सुधारणे आणि माणसाला हृदयविकाराचा झटका न येणे यांत मोठे अंतर आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची एक यादी बनवली होती. परीक्षानळीतल्या या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध सिद्ध होत नाही आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होतो, म्हणून 2012 मध्ये खात्याने ती मागे घेतली.

मराठी वाचकाला या अभ्यासाची गरज रोजच्या व्यवहारात पडते. प्रौढ माणसाची जीवनसत्त्व ई ची रोजची गरज अमेरिकी मानकानुसार 15 मिलीग्रॅम आहे. औषधाच्या दुकानातली नेहमीची कॅप्सूल 400 मिलीग्रॅमची असते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना ती घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. म्हणून आपण काय काय घेतो हे डॉक्टरांना सांगायलाच हवे, आणि आजारासाठी लिहून दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नये. शेंगदाणे, पालेभाज्या, आवळे, पेरू, मोडाची कडधान्ये खाण्याला या निकालांतून कोणतीही बाधा येत नाही. चाचण्यांनी आहाराला नापास केलेले नाही. आहारातून वेगळ्या काढलेल्या पदार्थाला मोठ्या मात्रेत घेण्याची कल्पना मात्र त्यांनी नापास केली आहे.

अजून पुष्कळ काम उरले आहे. ज्या मोठ्या चाचण्यांवर हे ज्ञान उभे आहे, त्या मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या आहेत. आपल्याकडच्या वृद्धांचा आहार, त्यांच्यातल्या कमतरता आणि आजार वेगळे आहेत. ठरावीक कमतरता असलेल्या वृद्धांना लक्ष्य करणाऱ्या, तंतुकणिकांपर्यंत पोचणाऱ्या नव्या पदार्थांच्या चाचण्या चालू आहेत. हे काम पुढे नेणारे तरुण संशोधक, परिचारिका, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मराठी मुलखातून यावेत अशी मनापासून इच्छा आहे. चाचणीत सहभागी होणाऱ्या माणसाला नेमके काय विचारले जात आहे, हे त्याच्या भाषेत समजावून सांगता येणे, हीही या क्षेत्राची मोठी गरज आहे.

जो वाचक संशोधक होणार नाही, त्यालाही या पानांत हक्काची जागा आहे. आकडेवारी वाचण्यासाठी पदवी लागत नाही. थोडी सवय आणि थोडा धीर लागतो. पुढच्या प्रकरणांत प्रत्येक मोठी चाचणी तिच्या मूळ प्रश्नापासून निकालापर्यंत उलगडली आहे. ती क्रमाने वाचली तर पुढच्या वेळी पाकिटावरचा दावा समोर येईल, तेव्हा तो कोणत्या माणसांवर, किती काळ आणि कशाच्या तुलनेत तपासला होता, हे वाचक स्वतः विचारू शकेल. आपल्या आणि आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आरोग्याचा निर्णय असा विचारपूर्वक घेता यावा, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे.