जेद्दातले एक्कावन्न तास

आदला रविवार, २० मार्च २०२२

बहारीनमध्ये फॉर्म्युला वनच्या मोसमाची पहिली शर्यत झाली आणि हास संघाचा केव्हिन मॅग्नुसन पाचवा आला. २०२१च्या अख्ख्या मोसमात या संघाला एकही गुण मिळाला नव्हता. मॅग्नुसन तर दोन आठवड्यांपूर्वी संघातही नव्हता. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर हासने आधी गाडीवरचे रशियन झेंड्याचे रंग काढले. मग ५ मार्चला प्रमुख प्रायोजक असलेल्या उरलकाली या खत कंपनीशी करार तोडला आणि तिच्या बड्या भागधारकाचा मुलगा, निकिता मझेपिन, यालाही नारळ दिला. उरलकालीने आगाऊ दिलेले सुमारे १.३ कोटी डॉलर परत मागितले. पुढच्या शर्यतीसाठी सौदीतल्या जेद्दाला निघालेल्या हासच्या खात्यात १० गुण होते, पण गाडीवर मोठ्या प्रायोजकाचं नाव नव्हतं.

त्याच दिवशी येमेनच्या हूथी बंडखोरांनी सौदीतल्या तेल प्रकल्पांवर हल्ले केले. सौदी तेल कंपनी आरामकोच्या जेद्दातल्या इंधन डेपोतली एक टाकी पेटली. हाच डेपो नोव्हेंबर २०२०मध्येही क्षेपणास्त्राने गाठला होता. तेव्हा पुढे जे झालं ते अनपेक्षित होतं, असं आयोजकांनी तरी म्हणू नये.

शर्यतीला ५१ तास: शुक्रवार, २५ मार्च, संध्याकाळी ५

पहिला सराव सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे साडेसात वाजले होते. लाल समुद्राच्या काठावरचं हे सर्किट ६.१७४ किलोमीटरचं आहे. २७ वळणं आणि दोन्ही बाजूंना भिंत, त्यात बरीच वळणं आंधळी.

सराव चालू असतानाच डेपोवर पुन्हा हल्ला झाला. सर्किटपासून दहा-पंधरा किलोमीटरांच्या टप्प्यात काळ्या धुराचा लोट उठला. चालक मॅक्स व्हर्स्टापनने रेडिओवर विचारलं, की जळल्याचा वास येतोय, तो माझ्या गाडीचा की दुसऱ्या कुणाच्या? वास गाडीचा नसावा, हे थोड्याच वेळात सगळ्यांच्या लक्षात आलं. आरामको २०२०पासून फॉर्म्युला वनची जागतिक प्रायोजक आहे. मैदानाबाहेर जिचं तेल जळत होतं, तिचंच नाव शर्यतीच्या फलकांवर होतं.

४८ तास: रात्री ८

दुसरा सराव पंधरा मिनिटं लांबला. फॉर्म्युला वनचे प्रमुख स्टेफानो डोमेनिकाली यांनी चालक आणि संघप्रमुखांना बोलावून घेतलं. ‘सगळं सुरक्षित आहे’ असा निरोप मिळाला आणि सव्वाआठला गाड्या पुन्हा ट्रॅकवर आल्या. दोन्ही सरावांत चार्ल्स लक्लेर सर्वांत वेगवान ठरला. ते त्या रात्री कुणाच्या गावीही नव्हतं.

४६ ते ४१.५ तास: रात्री १० ते पहाटे अडीच

या चार-साडेचार तासांवर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा.

डोमेनिकाली आणि मोटारशर्यतींची जागतिक नियामक संस्था एफआयएचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायम यांनी पत्रकारांना शर्यत होणार म्हणून सांगून टाकलं. हल्ल्यांचा रोख तेल प्रकल्पांवर आहे, नागरिकांवर किंवा ट्रॅकवर नाही, हा त्यांचा युक्तिवाद. चालक मात्र दार लावून आत बसलेले. संघप्रमुख आत जात, बाहेर येत, पुन्हा आत जात. चालक संघटनेचा एक संचालक सेबॅस्टियन फेटल कोविडमुळे आलाच नव्हता. दुसरा होता जॉर्ज रसेल, वय वर्षं २४.

चालक एकमताचे नव्हते. त्यांच्या संघटनेने दुसऱ्या दिवशी काढलेल्या निवेदनातही मतमतांतरं झाल्याचं कबूल केलं. अस्वस्थता फक्त धुराची नव्हती. दोनच आठवड्यांपूर्वी, १२ मार्चला, सौदीने एका दिवसात ८१ जणांना देहदंड दिला होता आणि लुईस हॅमिल्टनने त्यावर उघड नाराजी व्यक्त केली होती. शर्यत नाकारली तर हजारो लोकांना देशाबाहेर पडणं सोपं जाईल का, हाही प्रश्न त्या खोलीत निघाल्याचं तेव्हाच्या वार्तांकनात आलं होतं.

माझं मत सांगतो: ती बैठक चालकांनी जिंकण्यासारखी नव्हतीच. यजमानाचं शुल्क, जागतिक प्रायोजकाचा करार, संघांच्या अंगावरची नावं, हे सगळं एकाच बाजूला होतं. दुसऱ्या बाजूला वीस माणसं. अडीचच्या सुमारास ती बाहेर पडली, तेव्हा भारतात पहाटेचे पाच वाजत होते.

२४ तास: शनिवार, २६ मार्च, रात्री ८

रात्रीतून सौदीच्या आघाडीने येमेनमध्ये प्रतिहल्ले केले होते. दिवसभरात हूथींनी तीन दिवसांच्या शस्त्रसंधीची घोषणा केली. ट्रॅकवर अर्थातच पात्रता फेरी सुरू झाली.

विल्यम्सच्या लतिफीने गाडी भिंतीवर घातली, लाल झेंडा लागला. हॅमिल्टनच्या मर्सिडीजला तर पकडच मिळेना. सात वेळचा विश्वविजेता सोळावा आला आणि पहिल्याच टप्प्यात बाद झाला. २०१७च्या ब्राझीलनंतर हे त्याच्या वाट्याला प्रथमच आलं.

२३ तास: दुसरा टप्पा, घड्याळात जेमतेम पाच मिनिटं

हासचा दुसरा चालक मिक शुमाकर वेगवान फेरीवर होता. दहाव्या वळणावर हासचं मागचं चाक कडेच्या पट्ट्यावर चढलं, गाडी फिरली आणि काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. धक्का ३३ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३३ पट इतका. आदळताच रेडिओ बंद पडला. तो शुद्धीवर आहे की नाही, हे संघाला थेट कळायची सोयच उरली नाही. टीव्हीवाल्यांनी अपघात पुन्हा दाखवला नाही. चालक सुखरूप असल्याचं कळेपर्यंत तो दाखवत नाहीत, हे जुन्या चाहत्यांना ठाऊक असतं. त्यात आडनाव शुमाकर. वडील, माजी विश्वविजेते मायकेल, २०१३च्या डिसेंबरातल्या स्कीइंगच्या अपघातापासून लोकांसमोर आलेले नाहीत. संघप्रमुख गुंथर स्टायनर मिकच्या आईला फोनवर माहिती देत राहिले.

मिक शुद्धीवर होता. त्याला हवाई मार्गाने किंग फहाद आर्म्ड फोर्सेस रुग्णालयात नेलं. हाड मोडलं नव्हतं, मोठी इजाही नव्हती. क्रेनने गाडी उचलायला घेतली, तेव्हा मागचा भाग गिअरबॉक्ससकट सुटून वेगळा झाला. ट्रॅकवर तेल सांडलेलं, ते पुसण्यात आणि कुंपण सावरण्यात जवळजवळ तास गेला.

२२ तास

तिसऱ्या टप्प्यात सर्जिओ पेरेझने १ मिनिट २८.२०० सेकंदांची फेरी मारली. सरासरी ताशी २५२ किलोमीटर. लक्लेरपेक्षा ०.०२५ सेकंदांनी पुढे. ही त्याची पहिली पोल, म्हणजे शर्यतीत सर्वांत पुढून सुटायची जागा, तीही २१५व्या शर्यतीत.

पेरेझ म्हटलं की आपल्याला फोर्स इंडिया आठवावीच. विजय मल्ल्यांचा आणि पूर्वी पेरेझचाही संघ, गाडीवर तिरंग्याचे रंग, पुढे सहाराचं नाव. पैसे आटले आणि २०१८मध्ये हाच पेरेझ, थकलेल्या पैशांसाठी, संघ प्रशासकाच्या हाती देण्याच्या अर्जासह लंडनच्या न्यायालयात गेला. चारशेच्या आसपास माणसांच्या नोकऱ्या वाचाव्यात म्हणून, असं तो म्हणाला होता. संघ विकला गेला, नावं बदलत आज ॲस्टन मार्टिन आहे. त्या रात्री त्याच्या हिरव्या गाडीवर नाव होतं आरामकोचं. फेटलच्या जागी ती चालवत होता फोर्स इंडियाचाच जुना गडी, निको ह्युल्केनबर्ग. मुंबईचा जेहान दारूवालाही त्याच सर्किटवर होता, फॉर्म्युला टूमध्ये.

तेवढ्यात हासने जाहीर केलं, मिक उद्या धावणार नाही. स्टायनर यांनी कारण लपवलं नाही. एकतर एवढ्या धक्क्यानंतर मुलाला विश्रांती हवी. दुसरं म्हणजे इथेच गाडी नव्याने बांधली तर दोन आठवड्यांनी ऑस्ट्रेलियात सुटे भाग कमी पडतील. नव्या नियमांच्या गाड्या, मोसमाची दुसरीच शर्यत, खर्चावर मर्यादा आणि प्रमुख प्रायोजक नाही. क्षेपणास्त्राने एकही गाडी थांबली नव्हती. सुट्या भागांच्या हिशोबाने एक थांबली.

शून्य तास: रविवार, २७ मार्च, रात्री ८

युकी त्सुनोदाची गाडी ग्रिडपर्यंतही पोचली नाही. अठरा गाड्या सुटल्या. पेरेझने पुढे राहून टायर बदलले आणि लगेच लतिफीच्या अपघाताने सेफ्टी कार आली; सगळ्या गाड्या हळू असताना बाकीच्यांनी कमी वेळ गमावून टायर बदलले. पेरेझ चौथा. व्हर्स्टापनने शेवटच्या चार फेऱ्यांत लक्लेरला मागे टाकलं आणि ०.५४९ सेकंदांनी जिंकला. मॅग्नुसन नववा, हासला २ गुण.

मोनॅकोत मे महिन्यात मिकची गाडी पुन्हा दोन तुकडे होऊन पडली. ऑक्टोबरात हासला मनीग्राम हा नवा प्रमुख प्रायोजक मिळाला. नोव्हेंबरात मिकची जागा गेली, ती ह्युल्केनबर्गला. जेद्दाची शर्यत २०२३मध्ये ठरल्याप्रमाणे झाली.